दहावीनंतर अ‍ॅग्री: साधं सायन्स, क्रॉप सायन्स, डिप्लोमा की व्होकेशनल?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतो, पोराला अ‍ॅग्रीला टाकायचंय, कुठं टाकू? आणि विचारणाऱ्याला वाटत असतं की अ‍ॅग्री म्हणजे एकच काहीतरी आहे, एक फॉर्म भरला की झालं. तसं नाहीये. दहावीनंतर शेती आणि फळबागेचं शिक्षण घ्यायचे निदान चार रस्ते आहेत, चारही वेगळ्या ठिकाणी निघतात आणि एकातून दुसऱ्यात मधेच उडी मारता येत नाही, मारली तर एक-दोन वर्षं जातात.

माझं नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात खत-औषधाचं दुकान आहे, त्यामुळे मला हे सगळे रस्ते संपल्यानंतरची माणसं रोज भेटतात. डिप्लोमा करून स्वतःचं दुकान टाकलेला, बीएस्सी अ‍ॅग्री करून कंपनीचा माल विकायला मोटारसायकलवर फिरणारा, काहीच न शिकता बापाकडून छाटणी शिकून दोन्हींना गप्प करणारा, सगळे. म्हणून खाली जे लिहितोय ते थोडं एकतर्फी वाटेल, पण दोन-तीन ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे आणि ते लपवत नाही.

आधी एक ठरवा. पोराला किंवा पोरीला शेवटी काय करायचंय? घरची बाग सांभाळायची, की शेतीखात्यात, बँकेत, विद्यापीठात नोकरी करायची, की दुकान-नर्सरी टाकायची? चौथा प्रकार पण आहे, "नीट परीक्षा लागली तर डॉक्टर नाहीतर अ‍ॅग्री", हे लोक संख्येने बरेच असतात आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, पण त्यांचा रस्ता ठरलेलाच आहे, सायन्स. बाकी तिघांनी पुढे वाचा.

नववी-दहावीत विषय मिळत असेल तर

हे पटकन सांगतो कारण इथे फार डोकं लावायची गरज नाही. सीबीएसईच्या शाळेत असाल तर नववी-दहावीला अ‍ॅग्रिकल्चर हा स्किल विषय आहे, कोड ४०८, सहावा विषय म्हणून घेता येतो, आणि त्याचा एक फायदा बऱ्याच पालकांना माहीतच नसतो, मॅथ्स, सायन्स किंवा सोशल सायन्सपैकी एकात पोरगं अडकलं तर पास झालेला स्किल विषय त्याच्या जागी धरला जातो. अकरावी-बारावीला अ‍ॅग्रिकल्चर ८०८ आणि हॉर्टिकल्चर ८१६ असे दोन वेगळे विषय आहेत. अडचण एवढीच की शाळेने तो विषय सुरू केलेला असला पाहिजे, आणि शहरातल्या शाळा कॉम्प्युटरचे विषय घेतात, शेतीचा कोण घेणार.

स्टेट बोर्डाच्या काही शाळांत नववीपासून व्यवसाय विषय म्हणून शेती आहे, टोमॅटो-वांगी-मिरचीच्या लागवडीवरच बेतलेला. आणि खरं जुनं, पक्कं काम बघायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला, तिथून मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय बऱ्याच शाळांत गेला. त्यात आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार भाग. रोपवाटिका लावायची, पण तिचा सांगाडा वेल्डिंग करून स्वतःच उभा करायचा, आणि शेवटी खर्चाचा हिशोब पण स्वतःच लिहायचा. शेतकऱ्याच्या रोजच्या आयुष्यात हे सगळं एकत्रच येतं, पुस्तकात मात्र त्याचे चार विषय होतात.

तुमच्या शाळेत यातलं काही असेल तर घ्या, यात गमावण्यासारखं काही नाही. कारण या वयात एक गोष्ट कळते जी पुढे फी भरून कळते, ती म्हणजे पोराला मातीत हात घालायला आवडतंय का. गावचं पोरगं आहे म्हणजे आवडत असणारच हा आपला समज आहे, उलट गावच्या पोराला ऊन काय असतं ते माहीत असतं म्हणून तेच पळायला बघतं. बऱ्याचदा शहरातलंच पोरगं जास्त हौसेने येतं, ती हौस दोन उन्हाळे टिकते का ते मात्र बघावं लागतं.

साधं सायन्स की सायन्स अधिक क्रॉप सायन्स

आता मुख्य मुद्दा, जिथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. अकरावी सायन्सला साधारण रचना अशी, इंग्रजी, दुसरी भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. बायफोकल म्हणजे द्विलक्षी विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय जातो आणि त्याजागी २०० मार्कांचा व्यवसाय विषय येतो. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स हे सगळ्यांना माहीत आहेत, त्याच यादीत क्रॉप सायन्स म्हणजे पीक विज्ञान आहे, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. क्रॉप सायन्स घेतलं म्हणजे मॅथ्स आणि बायो यातलं सहसा एकच हातात राहतं. अ‍ॅग्रीवाला साहजिकच बायो ठेवतो, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोचा पीसीबी ग्रुप, राज्याची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी ती पीसीबीची, नीट पण देता येते. पण इंजिनिअरिंगचं दार बंद झालं, आणि त्यात कृषी अभियांत्रिकीचं बीटेक पण गेलं, कारण त्याला मॅथ्स लागतं. ट्रॅक्टर, ठिबक, पॉलिहाऊस, पंप यात डोकं चालणारं पोरगं असेल तर त्याचा खरा रस्ता कृषी अभियांत्रिकी आहे, आणि घरच्यांनी शेतीचा विषय म्हणून क्रॉप सायन्स-बायो घ्यायला लावलं तर तोच रस्ता गेला. हे बारावीत कळतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरीकडे साध्या सायन्सवाल्याला चारही विषयांचा भार, भाषेचा वेगळा, पण पीसीएम (बायोऐवजी मॅथ्स) आणि पीसीबी दोन्ही ग्रुपची सीईटी देता येते. बीएस्सी अ‍ॅग्रीला दोन्ही ग्रुप चालतात. म्हणजे नुसतं डिग्रीला जायचं एवढंच बघितलं तर क्रॉप सायन्स लागतच नाही, त्याशिवाय आरामात जाता येतं आणि बहुतेक जण तसेच जातात.

मग क्रॉप सायन्स कशाला? एक तर मार्क. त्यात प्रॅक्टिकलचा वाटा मोठा असल्याने तो स्कोअरिंग समजला जातो, आणि दुसरी भाषा टळते म्हणून मराठीला घाबरणारी पण येतात, आता यावर काय बोलावं. हे कारण मला फार पटत नाही कारण अ‍ॅग्रीच्या अ‍ॅडमिशनला सीईटी द्यावीच लागते आणि तिथे क्रॉप सायन्सचा एकही प्रश्न नसतो, पीसीबीला फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि बायो १०० असे २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, वीस टक्के अकरावीचं आणि ऐंशी टक्के बारावीचं. म्हणजे अकरावी क्रॉप सायन्सच्या प्लॉटवर घालवली आणि फिजिक्स तसंच राहिलं तर पीक विज्ञानात पैकीच्या पैकी घेऊन पण घरी बसायची वेळ येते.

खरं कारण दुसरं आहे. क्रॉप सायन्स नीट शिकवणारं कॉलेज असेल तर केमिस्ट्री आणि बायो कळायला लागतं, आणि हे मी अगदी दुकानातल्या अनुभवावरून सांगतोय. बोर्डो मिश्रण घ्या, बागेत बुरशीसाठी फवारतात ते. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. बरोबर झालं का ते बघायला लोखंडी सुरी किंवा खिळा बुडवतात, तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं जळतील. आता हे म्हणजे दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रियाच झाली, लोखंड कॉपर सल्फेटमधलं तांबं बाहेर काढतं, पण परीक्षेत ती लिहून मार्क घेतलेलं पोरगं बागेत सुरीवरचा थर बघून गोंधळतं. क्रॉप सायन्सच्या प्रॅक्टिकलला एकदा ते मिश्रण स्वतः केलं की आयुष्यात विसरत नाही.

तसंच गणिताचं. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचंय, युरियात नत्र ४६ टक्के, युरिया किती? साधारण २१७ किलो. डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर लावायचं, हेक्टरी झाडं किती? ७४०. शेकडेवारी आणि क्षेत्रफळाची ही गणितं आहेत, सातवी-आठवीची. ती जमत नाहीत म्हणून लोक अंदाजाने गोणी फोडतात.

पण "नीट शिकवणारं कॉलेज असेल तर" हे वाक्य परत वाचा. सध्या अकरावी-बारावी म्हणजे इंटिग्रेटेड, म्हणजे अ‍ॅडमिशन एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, हजेरी आपोआप. अशा ठिकाणी क्रॉप सायन्स म्हणजे झेरॉक्स काढलेली जर्नल आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक फेरफटका. तसं असेल तर त्यापेक्षा साधं सायन्स घ्या, निदान मॅथ्स तरी हातात राहील.

माझं मत विचाराल तर, ज्याला डिग्रीलाच जायचंय आणि इंजिनिअरिंगकडे अजिबात ओढा नाही आणि जवळच्या कॉलेजला खरोखर शेत आहे, त्याने पीसीबी अधिक क्रॉप सायन्स घ्यावं. यातली एक अट जरी कमी पडली तरी साधं सायन्स. आणि हो, २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश अख्ख्या राज्यात झालाय, तर बायफोकलचा पसंतीक्रम भरायला विसरू नका, आधी नुसतं सायन्स घेऊन टाकू आणि नंतर बघू असं म्हणाल तर नंतर जागा नसते.

डिग्रीच्या बाजूने अजून थोडं. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. बीएस्सी ऑनर्स चार वर्षांचं, आठ सेमिस्टर, शिक्षण बऱ्यापैकी इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना पहिलं वर्ष जड जातं हे खरं आहे, विषय माहितीचा असतो पण त्याचं नाव ओळखू येत नाही. शेवटच्या वर्षात गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं, पेपरात कृषीदूत आणि कृषीकन्यांचे बीजप्रक्रिया करतानाचे फोटो येतात ते हेच. उद्यानविद्येची, वनशास्त्राची डिग्री वेगळी मिळते. सीईटीशिवाय देशपातळीवर काही जागा सीयूईटी या देशपातळीच्या प्रवेश परीक्षेवर भरतात, तिथे अ‍ॅग्रिकल्चर हा विषय म्हणूनच पेपर आहे, म्हणजे सीबीएसईला ८०८ घेतलेल्याला किंवा क्रॉप सायन्सवाल्याला तिथे थोडा उपयोग होतो. गोव्यातल्या मंडळींना पूर्वी बाहेरच जावं लागायचं, आता सुळकर्णेला डॉन बॉस्कोचं कृषी महाविद्यालय आहे.

डिप्लोमा

दहावीच्या मार्कांवर प्रवेश, दोन वर्षं, मराठी माध्यम, कृषी विद्यापीठाशी जोडलेलं कृषी तंत्र विद्यालय. कागदावर बारावीइतकाच वेळ. मग बारावी की डिप्लोमा?

डिप्लोमाची सगळ्यात मोठी ताकद आमच्या धंद्यात दिसते. कीटकनाशक विकायचं लायसन आता कोणालाही मिळत नाही, शेतीची किंवा रसायनशास्त्र-वनस्पतीशास्त्र वगैरेची डिग्री लागते नाहीतर शेती-उद्यानविद्येचा निदान वर्षाचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. खताचंही साधारण तसंच, शिक्षण बघतात. हे नियम साधारण २०१५ नंतर आले आणि जुन्या दुकानदारांची धावपळ झाली, पन्नाशीतली माणसं देसी नावाच्या वर्षभराच्या कोर्सला आठवड्यातून एकदा जाऊन बसली, वही-पेन घेऊन, पोरांनी फोटो काढले त्यांचे. तर कृषी डिप्लोमा झालेलं पोरगं विसाव्या वर्षाच्या आत या बाबतीत मोकळं होतं. काही जण मात्र डिप्लोमाचं सर्टिफिकेट दुसऱ्याला भाड्याने देतात, लायसन एकाच्या नावावर आणि काउंटरवर भलताच. तुमचं पोरगं यात सापडू देऊ नका, उद्या नमुना फेल गेला तर केस ज्याच्या नावावर लायसन आहे त्याच्यावर होते.

दुसरी ताकद सरकारी नोकरी. कृषी सेवक, पुढे कृषी सहाय्यक, आता ज्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात, त्या पदाला डिप्लोमा चालतो. ऐकायला छान आहे. पण त्याच जागेसाठी बीएस्सी आणि एमएस्सी झालेले पण फॉर्म भरतात, चार-सहा वर्षं जास्त शिकलेले, पुण्यात राहून अभ्यास करणारे. पात्र असणं आणि लागणं यात फरक आहे. आणि एमपीएससीची कृषी सेवा किंवा बँकेतला कृषी अधिकारी हे तर डिग्रीशिवाय नाहीच.

शिक्षणाची गोष्ट म्हणाल तर हाताचं काम डिप्लोमालाच जास्त होतं, निदान चांगल्या विद्यालयात. आंब्याला कोय कलम, मृदकाष्ठ कलम, डाळिंबाला गुटी, संत्र्याला जंभेरीच्या रोपावर डोळा भरणं, हे सगळं कलम बांधणं शिकवून येत नाही, करून येतं. पहिली वीस-पंचवीस कलमं मरतात, मग पट्टी किती आवळायची ते बोटांना कळतं. सोळाव्या वर्षी ते शिकलेलं पोरगं आणि बाविसाव्या वर्षी परीक्षेसाठी एकदा केलेलं पोरगं यांची कलमं शेजारी ठेवा. नर्सरी टाकायची असेल तर मी डिप्लोमालाच मत देईन, डोळे झाकून नाही पण देईन.

आता वाईट बाजू. डिप्लोमावरून डिग्रीला कसं जायचं याचे नियम मधे मधे बदलत आलेत. मागे तीन वर्षांचं कृषी तंत्रनिकेतन होतं, त्यांना थेट दुसऱ्या वर्षाला जाता यायचं, ते ऐकून लोक दोन वर्षांच्या मराठी डिप्लोमाला पण तसंच गृहीत धरतात. धरू नका. प्रवेशाच्या वेळी संस्थेतले साहेब तोंडी काय सांगतात त्यावर जाऊ नका, त्या वर्षीची माहिती पुस्तिका काढा आणि त्यात लिहिलेलं असेल तेवढंच खरं माना. "पुढे बघू, डिग्री करता येईल" एवढ्यावर डिप्लोमाला टाकणार असाल तर नका टाकू. डिग्रीची थोडी जरी शक्यता मनात असेल तर बारावी सायन्सच.

आणि एक, खाजगी विद्यालयांमध्ये फरक जमीन-अस्मानाचा आहे. काही ठिकाणी खरोखर गोठा, शेडनेट, गांडूळखताचे बेड, पोरं सकाळी सातला शेतात. काही ठिकाणी दोन खोल्या आणि बोर्ड, पोरगं वर्षभर घरीच आणि परीक्षेला हजर. दुसऱ्या प्रकारचा डिप्लोमा घेऊन आलेली पोरं माझ्याकडे कामाला येतात, त्यांना १९:१९:१९ आणि ०:५२:३४ या खतांमधला फरक विचारला तर पिशवीचा रंग सांगतात.

एचएससी व्होकेशनल आणि आयटीआय

याला आधी एमसीव्हीसी म्हणायचे, आता एचएससी व्होकेशनल. यात शेती गटात हॉर्टिकल्चर आहे, पीक उत्पादन आहे, पशुसंवर्धन आहे. बारावीचं सर्टिफिकेट मिळतं पण फिजिक्स-केमिस्ट्री-बायो नसतं, हा सगळा खेळ इथे आहे. नाव "हॉर्टिकल्चर" असल्याने पालकांना वाटतं हीच बीएस्सी हॉर्टीची पहिली पायरी, आणि बायफोकल आणि व्होकेशनल दोन्हीला लोक सरसकट व्होकेशनलच म्हणतात त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. बायफोकल म्हणजे सायन्स आहेच, वर एक व्यवसाय विषय. व्होकेशनल म्हणजे सायन्सच नाही. फॉर्मवर कुठला शब्द आहे तो बघा.

कोणासाठी बरं? ज्याला फिजिक्स अजिबात झेपणार नाही, दहावी जेमतेम झालीय, पण हात चांगला आहे, आणि घरी दोन-चार एकर आहे किंवा नर्सरीत, पॉलिहाऊसवर, लॅन्डस्केपिंगच्या कामाला लवकर लागायचंय. असं पोरगं सायन्सला टाकून बारावीत नापास करवण्यापेक्षा इथे बरं. आयटीआयला पण हॉर्टिकल्चरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, फुलशेती-लॅन्डस्केपिंगचा आहे. पुणे-मुंबईकडे सोसायट्या, कंपन्यांचे कॅम्पस, रिसॉर्ट यांना बागेचं कळणारा माणूस लागतो, हे काम वाढतंय. पगाराचं फार गुलाबी चित्र रंगवणार नाही, सुरुवातीला माळी म्हणूनच बघतात, पण दोन-तीन वर्षांत स्वतः कॉन्ट्रॅक्ट घेणारे आहेत.

आणि शिक्षण सुटून गेलेलं असेल, वय झालं असेल, तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच, शेती आणि उद्यानविद्येचं बरंच काही तिथून बागेत काम करता करता होतं.

फळबाग की सर्वसाधारण शेती

हा प्रश्न दहावीला फार लवकर आहे, पण विचारतात म्हणून. शाळा-बारावीच्या पातळीवर सर्वसाधारण शेतीच शिका. माती, पाणी, खत, कीड-रोग हे ज्वारीला पण तेच आणि द्राक्षाला पण तेच, फक्त द्राक्षात चुकलं तर पैसे जास्त जातात. फळबागेकडे वळायचं ते डिग्रीत किंवा नंतर, आणि तेही तुमच्या भागात काय पिकतं त्यावर. कोकणातल्या पोराला आंबा-काजू, दापोली विद्यापीठानेच हापूस आणि नीलमच्या संकरातून रत्ना काढला, १९८१ साली. जळगावला केळी, नागपूर-अमरावतीला संत्रा, सोलापूर-सांगोल्याला डाळिंब. आपल्याच भागातल्या पिकाचं शिकलं तर सुट्टीत घरी पण प्रॅक्टिकल चालू राहतं.

आणि सुट्टीवरून आठवलं, कॉलेजचं वेळापत्रक आणि बागेचं वेळापत्रक यांचं कधीच जुळत नाही. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये, तेव्हा परीक्षा संपून पोरं घरी. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, तेव्हा सहामाही नाहीतर दिवाळी. म्हणजे वर्षातली दोन सगळ्यात महत्त्वाची कामं कॉलेजात शिकवलीच जात नाहीत, फळ्यावर शिकवतात. यावर उपाय एकच, ज्याची बाग नाही त्याने त्या दिवसांत कोणाच्या तरी बागेत जावं, छाटणीच्या टोळीबरोबर उभं राहावं. द्राक्षवाले हाकलून देत नाहीत, उलट फुकटचा हात म्हणून खूष होतात.

कॉलेज बघायला जाताना

बिल्डिंग बघू नका, शेत बघा. आणि जून-जुलैत नका जाऊ, पावसात सगळंच हिरवं दिसतं. मे महिन्यात जा, तेव्हा रोपवाटिका जिवंत असेल तर पाणी आहे आणि कोणीतरी रोज लक्ष देतंय. शेडनेटखाली काय आहे बघा, पिशव्यांना लेबल आहेत का, तारीख आहे का. माती परीक्षणाची लॅब विचारा आणि शेवटचा नमुना कधी तपासला ते विचारा, सामू (पीएच) आणि क्षारता मोजायची मशीनं बहुतेक ठिकाणी असतात पण कपाटात. जर्नल मागा, मागच्या वर्षीच्या दोन पोरांची, अक्षर वेगळं आणि आकडे तंतोतंत सारखे असतील तर समजून जा. शिकवणारे सर स्वतः अ‍ॅग्रीचे आहेत का बॉटनीवाल्यांना तास दिलाय, हे शिपायाला विचारा, तो खरं सांगतो.

मुलींच्या बाबतीत एक वेगळं सांगायचंय. हॉस्टेल आणि येण्याजाण्याची सोय बघून बऱ्याच घरांत मुलीला जवळचा डिप्लोमा आणि मुलाला लांबची डिग्री असं ठरतं. बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नाव भावाचं लागतं, मुलीच्या हातात पुढे जे राहणार ते तिचं सर्टिफिकेटच, मग तिला उलट मोठं सर्टिफिकेट हवं ना? कृषी महाविद्यालयांत मुली भरपूर आहेत आणि बऱ्याच सरकारी कॉलेजांना मुलींचं हॉस्टेल आहे.

पैशाचं थोडक्यात. बारावी सायन्स सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात स्वस्त, क्लास लावला की महाग, आणि क्लास लावतातच. डिप्लोमा सरकारी विद्यालयात परवडतो, खाजगीत विचारून बघा आणि लेखी घ्या. डिग्रीत सरकारी आणि खाजगी यांच्या फीत फार मोठा फरक आहे, त्यामुळे सीईटीत दहा मार्क जास्त पडणं म्हणजे थेट पैसेच वाचवणं.

कागदं आत्तापासून गोळा करा. अ‍ॅग्रीच्या डिग्रीला शेतकऱ्याच्या पाल्याला सातबाऱ्यावर मेरिटमध्ये जादा गुण मिळतात, पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर नातं दाखवायला तलाठी कार्यालयात फेऱ्या होतात, वारसनोंद बाकी असेल तर महिने जातात. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल हे पण. नॉन क्रिमीलेयरची मुदत बघा, ऐन राउंडच्या वेळी संपलेली निघते. पोरगं अकरावीत असतानाच वारसनोंदीचा अर्ज टाका.